चमचाभर तेलाची तजवीज

मी, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे मुख्य आचारी, आता निवृत्त, वय शहात्तर, हे मृत्युपत्र भरल्या पोटी आणि कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नीच्या हयातीपर्यंत तिचे, पुढे चिरंजीवांचे. स्वयंपाकघर, फडताळ आणि तेलाची बरणी यांवर मात्र हुकूम तिचा एकटीचा. हे वेगळे लिहावे लागते, कारण आमचे चिरंजीव.

२. चिरंजीव तीन रविवार कुठल्याशा वर्गाला गेले आणि दारावर आहारतज्ज्ञ अशी पाटी लावून मोकळे झाले. पहिले गिऱ्हाईक सापडले ते स्वतःची आई. फ्रिजवर तक्ता चिकटला. तिचे तेल, दाणे, अंड्याचा पिवळा बलक, सगळे बंद.

मी म्हटले, "अरे, बेचाळीस किलोची बाई ती. तिच्यातून कमी काय करणार, हाडं?"

"बाबा, फॅट म्हणजे विष. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मला! कुणाला प्रथिने जास्त, कुणाला मीठ कमी, असे खाटेगणिक ताट मी वाढले. कर्बोदके, स्निग्ध पदार्थ हे शब्द भिंतीवरच्या तक्त्यावरून पाठ केले; अर्थ मात्र परत आलेल्या ताटांनी शिकवला. या दीडशहाण्याला एवढेही ठाऊक नाही, की गाजरातले अ जीवनसत्त्व तेलाच्या थेंबाशिवाय धड अंगी लागत नाही. चार महिने आईला नुसती उकडलेली गाजरे घातली. उष्मांक मोजून!

पाचव्या महिन्यात ती भोवळ येऊन न्हाणीघरात पडली. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "आजींना घरी जेवायला मिळतं ना?" आचाऱ्याला! मान वर करायला जागा राहिली नाही. आणि पत्नी काय म्हणाली? "त्याला रागावू नका हो. मनापासून करतो तो." मी गेल्यावर ती पुन्हा त्याचेच ऐकेल, ही माझी धास्ती.

३. म्हणून अट. चिरंजीवांनी वरच्या खोलीत खुशाल राहावे. पण रोज एक वेळ आईशेजारी बसून, तिच्या ताटात असेल तेच जेवावे. तिच्या घासाला एकदा जरी "नको" म्हटले, तर घर पुढे रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला. निवाडा आमच्या रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाई करतील. त्या खऱ्या आहेत.

४. सुऱ्या आणि झारे माझ्या जागी आलेल्या आचाऱ्याला. चिरंजीवांचा वजनकाटा आणि त्यांनी मला भेट दिलेला, जेवणाऐवजी प्यायच्या भुकटीचा डबा त्यांना परत. चव घेतली आहे. असले ताट बेशुद्ध रुग्णानेही परत पाठवले असते. लोखंडी तवाही त्यालाच. मूर्ख आहे, पण माझा आहे, आणि रंग फिका दिसतो हल्ली त्याचा.

साक्षीदार: १. आहारतज्ज्ञ बाई, निवृत्त (सही) २. समोरचे सुतार (सही)
स्थळ: आमचे स्वयंपाकघर. दिनांक: ९ जुलै, दुपारी, जेवणानंतर.
लिहून ठेवणार: मी (सही)

ता.क. ज्याला लाभ, त्याने साक्षीला सही करू नये, असे वकील सांगतात. म्हणून पत्नीची सही नाही. पण ती ताटावरून उठून "मी कुठं करू?" म्हणत आलीच. खालच्या कोपऱ्यातला तेलाचा डाग तिच्या बोटाचा, आजच्या अंड्याचा आहे. ती खाडाखोड समजू नये.