कापून ठेवलेलं पान

ठाणे, ४ मे १९९६

प्रिय आनंद,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकिटावरचा पत्ताच पुन्हा वाचशील. तुझ्या नि सरांच्या, बापलेकांच्या भांडणात मी कधी पडले नाही. आता पडते.

आपला प्रकाशन विभाग बंद होतोय. विद्यापीठाचं पत्र आलं. जूनपासून पाचही नियतकालिकं मुंबईच्या एका प्रकाशकाकडे, आणि वर्गणी भरेल त्यालाच अंक. लेखकाकडून काही घ्यायचं नाही, वाचकाकडूनही नाही, या एका हट्टावर तुझ्या बाबांनी उभं आयुष्य काढलं. कार्ड टाकेल त्याला अंक जायचा, मग तो प्राध्यापक असो की मानपाड्याच्या कारखान्यातला फिटर. पत्र घेऊन आलेले साहेब म्हणाले, फुकट वाटलेल्याला किंमत नसते. घर सोडताना तूही सरांना हेच ऐकवलं होतंस. जिंकलास रे. अकरा वर्षं मी या खोलीत मुद्रितं तपासली, आता कपाटं रिकामी करायची आहेत, आणि खरं सांगते, हात चालत नाहीत.

आता शेवटचा ठरलेल्या अंकासाठी सरांनी दिवाळीतच लेख देऊन ठेवला होता, ठाण्याच्या खाडीतून नाहीशा झालेल्या माशांवर. आपली पद्धत तुला ठाऊक आहे. लेखकाचं नाव असलेलं पहिलं पान कापून माझ्या कपाटात ठेवायचं, बाकीचा लेख दोन परीक्षकांकडे. एकाने जरी नाही म्हटलं तरी लेखकाने उत्तर द्यायचं, त्याशिवाय छपाई नाही. खाडीवरच्या लेखाचा एक परीक्षक खाडीवरचाच हवा, हा सरांचाच नियम. म्हणून असे लेख कोपरीच्या धाकू कोळ्याला वाचून दाखवतो, आणि दुसरे परीक्षक नेहमी सर. मी पान कापलं आणि आईच्या मोतीबिंदूसाठी रजेवर गेले. सांगून जायचं राहिलं. आमच्या सहदेव शिपायाने नेहमीप्रमाणे बिननावाचा लेख सरांकडेच पोचवला. सरांचा लेख, सरांनाच.

धाकूला सहदेवने अर्धं पान वाचून दाखवलं, तेवढ्यात तो म्हणाला, "ह्ये तर मास्तरांचं. माझ्याच होडीन बसून लिवलंय." त्या माणसाला अक्षरओळख नाही.

सरांचा अभिप्राय तीन पानी आला. लेखक मेहनती आहे, पण खाडीत कधी उतरलेला दिसत नाही, निवट्या आणि खरबी हे मासे त्याने फक्त बाजारात पाहिले असावेत, छापू नये. मी आधी हसले. म्हटलं, म्हातारा जाताजाता चेष्टा करतोय. मग अक्षर नीट पाहिलं, वेडंवाकडं, एकच ओळ दोनदोनदा लिहिलेली, आणि तशीच डोंबिवलीला गेले. सरांनी मला ओळखलं, स्वयंपाकाच्या मनुबाईंना चहा टाकायला सांगितला, आणि हळूच म्हणाले, "फार कठोर लिहिलं का गं मी? नाव सांगू नकोस, नियम आहे. पण बिचाऱ्याला लागेल." मी चहा तसाच ठेवून उठले. मनुबाई दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "दोन महिनं झालं ताई, जेवून उठतात आणि पुन्हा पाटावर बसतात." आनंद, मी जिन्यात बसून रडले. विभाग गेल्याचंही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

लेख मी तसाच छापू शकते. आता विचारणार कोण? पण सरांच्या शेवटच्या अंकात सरांचाच नियम मोडणं माझ्याने होणार नाही. म्हणून अभिप्राय सोबत पाठवते आहे, आणि ते कापलेलं पानही. नीट बघ, त्यावर दोन नावं आहेत. सरांच्या खाली तुझं. आठवीत असताना धाकूच्या होडीत बसून तू वहीत माशांची यादी केली होतीस. ती वही त्यांनी जपली, त्यावरूनच हा लेख उभा केला, आणि तुझ्याशी बोलणं बंद असतानाही तुझं नाव घातलं. एक लेखक आता उत्तर देऊ शकत नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्याने द्यायचं. पंचवीस तारखेला अंक छापायला जाईल. उत्तर टपालाने धाडू नकोस. घेऊन ये, आणि परीक्षकासमोर बसून वाचून दाखव. तुला ते ओळखतील का, ते मात्र मला सांगता येत नाही.

तारखेवर डोळे लावून बसलेली,
तुझीच
उत्तरा