चौदा सांधे

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. ट्रॅक्टरच्या सगळ्या सांध्यांवरचं जुनं ग्रीस काढायचं, नवं भरायचं आणि रविवारी, पाच तारखेला, ट्रॅक्टर घेऊनच लेकीकडे जायचं. अकरा किलोमीटर. हिला घेऊन परत यायचं.

ही लेकीकडे जाऊन आज चोवीस दिवस झाले. भांडण वगैरे काही नाही. आम्ही रोपं घेऊन येत होतो, पुलाच्या अलीकडे वळणावर स्टिअरिंग अडकलं आणि ट्रॅक्टर चरात गेला. हिनं विचारलं, ग्रीस केलं होतं का? मी म्हणालो, परवाच केलंय. ही उतरली, पर्स काखोटीला मारली आणि चालायला लागली. लेकीचं घर तिथून जवळ पडतं म्हणून तिकडे गेली, इतकंच.

परवाच केलंय म्हणजे परवाच करायचं ठरवलं होतं.

१ मार्च, सकाळी ९.३०
सांधे मोजले. चौदा. प्रत्येकाला एक निपल, म्हणजे ग्रीस आत सोडायचं बारीक तोंड. त्यावर माती आणि ग्रीसचा वाळून दगड झालेला थर. रोज तीन सांधे धरले तर पाच दिवसांत पंधरा. एक सांधा शिल्लकच पडतो. छत्तीस वर्षं गोदामात स्टोअरकीपर होतो, प्लॅनिंग मला कोणी शिकवू नये.
खरवडताना स्क्रू ड्रायव्हर सटकला. अंगठा. आजचे सांधे: शून्य.

३ मार्च
काल अंगठ्याला विश्रांती. आज रॉकेलनं थर भिजवून दोन सांधे पुसले. चिंध्या संपल्या. कपाटात हिचा एक जुना टॉवेल मिळाला. तसा फार जुना नसावा.
एकटं राहण्यात मजा आहे. रेडिओ हवा तेवढा मोठा लावता येतो. दिवसभर लावला. दुसऱ्या खोलीतही ऐकू यावा म्हणून.

५ मार्च, रविवार
गेलो नाही. चारच सांधे झालेत. अर्धवट ट्रॅक्टर घेऊन जाणं शोभत नाही.
लेकीचा फोन. बाबा, वेळेवर जेवताय ना? म्हटलं, चंगळ चाललीय. (उकडलेली अंडी, उभ्यानं.) हिला फोन दे म्हटलं, तर आई झाडांना पाणी घालतेय म्हणाली. अर्ध्या तासानं मी केला. तेव्हाही पाणीच घालत होती. लेकीकडे बाल्कनीत कुंड्या आहेत तीन.

९ मार्च
युक्ती सापडली! थर काढत बसायचं कशाला? उरलेल्या दहा सांध्यांना सरळ ग्रीस गन लावली. वीस मिनिटांत काम फत्ते. ग्रीस भळाभळा बाहेर आलं, म्हणजे आत गच्च भरलं. फोटो काढून हिला पाठवले. दहाही. दोन निळ्या खुणा आल्या. पाहिले म्हणजे आवडले असणार.

११ मार्च
मिस्त्रीला बोलावलं. सहज, दुसरं मत म्हणून. स्टिअरिंग अजिबात फिरत नव्हतं हे निमित्त. त्यानं बोटानं ग्रीस पुसलं आणि म्हणाला, काका, हे सगळं वरूनच चोपडलंय की! निपलची तोंडं बंद आहेत, आत थेंब गेलेला नाही. सांधे कोरडे ठाक. किती वर्षं असं करताय?
पहिल्यापासून, म्हणालो.
चहा ठेवला होता, पण त्याला दुसरं काम होतं. दोन्ही कप मीच प्यालो. दुसरा गार झाला होता.

१२ मार्च
वरूनच चोपडलंय. माझ्या निरोप समारंभात मी भाषणात हिचे आभार मानले होते, तेव्हा घरी आल्यावर ही असंच काहीतरी म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.
लिहून टाकतो. मला करमत नाही. अजिबात करमत नाही.

१६ मार्च
तीन निपलं खोलून रॉकेलात भिजत घातली, सुईनं तोंडं मोकळी केली, परत बसवली. गन दाबली. सांध्याच्या दुसऱ्या कडेनं आधी काळं आलं, मग तपकिरी, मग स्वच्छ पिवळं. इतका आनंद झाला की घराकडे वळून ओरडलो, अगं, लवकर ये, हे बघ!
मग हात पुसले.

२५ मार्च
चौदा झाले. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. उद्या जायचं. फार बोलायचं नाही, फक्त, त्या दिवशी मी खोटं बोललो, एवढंच. आरशासमोर नऊ वेळा म्हटलं. सातव्या वेळी चांगलं झालं होतं.
हिच्या बाजूची कपाटातली जागा मोकळी केली. तिथं माझी हत्यारं गेली होती.

२६ मार्च, रविवार, संध्याकाळी ७.४०
गेलो. ही खाली आली. मी एकेक सांधा दाखवला. हिनं चौदाही पाहिले, कुठं घाई केली नाही. मग मी म्हणालो, त्या दिवशी खोटं बोललो. ही म्हणाली, ठाऊक होतं. मग म्हणाली, काम मात्र छान केलंत हो.
हे मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. वाटलं, जिंकलो. म्हटलं, राग सोड आता, बॅग आण.
ही म्हणाली, अहो, राग पहिल्या आठवड्यातच गेला. राग असता तर भांडायला तरी आले असते. इथं बोलायला माणसं आहेत. मी इथंच राहते.
आवाज चढवला नाही. मला जेवायला बसवलं. आधी मला वाढलं, पाण्याचा ग्लास भरून ठेवला, आणखी घ्या, लाजू नका, म्हणाली. लेक खाली मान घालून जेवत होती. गल्ली अरुंद, म्हणून जावयांनी ट्रॅक्टर वळवून दिला. स्टिअरिंग लोण्यासारखं झालंय म्हणाले.
निघताना हिनं सांगितलं, पोचलात की कळवा.
पोचून दीड तास झाला. अजून कळवलेलं नाही. तेवढं कळवलं की हिला सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरत नाही.