वड्यांच्या वासापासून पळालो

रविना,
डायलिसिसवरून दमून आलीस, म्हणून उठवलं नाय. मघाशी डॉक्टरांचा फोन आला. माझ्या वजनामुळंच अडलं होतं ना, ते आता हवं तेवढं उतरलंय. माझी किडनी तुला देता येईल म्हणाले! फक्त ऑपरेशन होईस्तोवर वजन वाढू द्यायचं नाय.

आणि इथं आई वडे तळतेय. म्हणाली, "एक खा रे सुदाम, एकानं काय होतंय?" पोटात नुसते कावळे ओरडतायत गो, थांबलो असतो तर परातच संपवली असती. काकडी खात सापगावपर्यंत चालून येतो.

आईला अजून काय बोललो नाय. तूच सांग तिला. मी सांगायला गेलो तर रडतच बसेन.

सुदाम