दर्याची ओटी

२१ जानेवारी, बुधवार

परवा मालवणला निघायचं. मी, ल्योक बाळू आन नात शीतल. सून सुमन न्हाई येत, ऊसतोड चालू हाय, टोळीला चा-पानी कोन करनार. मी लय खूश. सत्तरीला टेकली तरी म्या समुद्र बगितला न्हाई. कृष्णामाई बगितली, पूर बगितला, पन समुद्र न्हाई.

खुशीत धास्ती पन हाय. बाळूनं रविवारी पावनं बोलवल्यात शीतलला बगाय. वाळव्याकडचं पोरगं, फौजेत. बाळू सोता फौजेतनं सुभेदार हून आला, त्येला दुसरं काय दिसतच न्हाई. शीतल म्हनली, "बाबा, त्याआधी आजीला समुद्र दावू या. मंग मी कुटं मोकळी?" बाळू हसून व्हय म्हनला.

खरं काय त्ये मला ठावं हाय. शीतल मिरजंला दवाखान्यात नर्स हाय. मागच्या पावसाळ्यात तितं मालवणचा एक म्हातारा छातीच्या दुखन्यानं पडला हुता. त्येच्या उशाला त्येचा ल्योक, सिद्धेश. होडी चालवतो, आल्या-गेल्याला बंदर दावतो. म्हातारा बरा हून घरी ग्येला, पन ह्यांचं बोलनं काय थांबलं न्हाई. दिवाळीत माज्या डोस्क्याला तेल लावता लावता सांगितलं पोरीनं.

मासं धरनारं घर. आपल्यातलं न्हाई. बाळू नुसतं ऐकूनच...

शीतल म्हनती, "आजी, बाबांनी त्याला एकदा बगू दे. नाव-गाव कळायच्या आत. मानूस म्हनून बगू दे. मंग मी सांगती." म्हंजी आमी त्येच्याच होडीत बसायचं आन गप ऱ्हायाचं. मी आन गप! सुमनला बी ठावं न्हाई.

खन-नारळ पिशवीत घातला. दशम्या उद्या.

२३ जानेवारी, शुक्रवार. मालवण

फोंड्याच्या घाटात दोनदा गाडी थांबवाय लावली माज्यासाठनं. बाळू म्हनला, "आई, आजून समुद्र लांब हाय, आत्तापासनं वकायला लागलीस!"

बगितला. काय सांगू. एवढं पानी आन कुनाची पाळी न्हाई. आमी कॅनॉलला पानी कवा सुटतंय म्हनून रात-रात बांधावर बसनारी मानसं. हितं कुनी धरत न्हाई, कुनी सोडत न्हाई, आपलं आपलंच येतंय आन जातंय. मी लुगडं वर धरून गुडघ्यापातूर ग्येली. शीतल हसून हसून बेजार.

दु. जुनं घर बगाय ग्येलो. कवाच्या काळी एका गलबतवाल्याचं हुतं. मालक लांब ऱ्हात्यात, घर लोकांस्नी बगाय खुलं ठिवलंय. सागाचं खांब, पितळंचं दिवं, आन गलबताचा येक लाकडी नमुना, आपल्या पाटाएवढा. सगळं पुसून लख्ख. राखन करती ती बाई सुलभा. सिद्धेशची आई. ह्ये फकस्त मला आन शीतलला ठावं. ती बाई शीतलकडं बगत बी न्हवती, एवढी जपून. मलाच घाम फुटला.

माडीवर येक खिडकी हाय, समुद्राकडं. सुलभाबाई म्हनली, "हय बसान बायका गलबताची वाट बघीत." खाली बसायला पाट हाय, त्यो मदी झिजून खोलगट झालाय. मी त्येच्यावर हात फिरवला. आमची शीतल बसंल का हितं?

बाळू मागनं म्हनला, "ह्ये असलं जिनं नगं बाबा. घरचा मानूस पान्यावर आन बायको खिडकीत."

मी तोंडावर पदर धरला. ह्येचा बाप शिपाई हुता. म्या बी उंबऱ्यावर असंच बसून पत्राची वाट बगितलीया. ह्यो सोता काश्मिरात हुता तवा सुमन काय करत हुती? आन रविवारी त्यो कुनाला बोलवून बसलाय? पन बोलली न्हाई. शीतलचं तोंड पांढरं पडलं हुतं.

उद्या होडी.

२४ जानेवारी, शनिवार. रात, घरी

नीट लिवती. आजचं इसरायचं न्हाई.

सकाळी धक्क्यावर ग्येलो. सिद्धेश उभा. काळा, उंच, दात लय पांढरं. बाकीच्यांस्नी हात धरून होडीत घेतलं. मला तर दोनी हातांनी, "येवा आजी, भियाव नको." शीतलला हात न्हाई दिला. तीच चढली. म्या मनात म्हनलं, शाना हाय.

आन मंग म्याच शेन खाल्लं. होडी सुटली, गार वारं लागलं, मला लय बरं वाटलं आन तोंडातनं ग्येलं, "काय रं, वडलांची छाती बरी हाय न्हवं आता?"

म्हनून झालं आन जीभ चावली. सिद्धेशचा सुकानूवरचा हात थांबला. शीतल पान्याकडं बगाय लागली. बाळूनं माज्याकडं बगितलं, मंग तिच्याकडं, मंग त्येच्याकडं. फौजी मानूस. त्येला दुसऱ्यांदा सांगाय लागत न्हाई.

"नाव काय?" बाळू.

"सिद्धेश."

"वडील कुठल्या दवाखान्यात हुतं?"

"मिरजेक."

किल्ल्याच्या भितीखालनं होडी चालली हुती, बाकीची मानसं फोटो काढत हुती, आन आमी तिघं जनू मयताला बसलोय.

बाळू परत, "जमीन किती?"

"जमीन नाय ओ. पानी आसा."

मला हसू आलं, दाबलं. बाळूचा गाल हलत हुता, म्हंजी दात खात हुता. तेवढ्यात लाटा मोठ्या आल्या आन बाळू हिरवा पडला. बर्फात ऱ्हायलेला मानूस, होडीच्या कडंला वाकून भडाभडा. सिद्धेशनं सुकानू दुसऱ्याकडं दिलं, त्येचा पट्टा मागनं घट्ट धरला, दुसऱ्या हातानं पाठ चोळली. कवर तरी. बाळूनं त्येचा हात झटकला न्हाई. झटकला असता तर पान्यात पडला असता म्हना.

मला वाटलं समुद्र रागावला. म्या पिशवीतनं खन-नारळ काढला, हळद-कुकू लावलं, मूठभर तांदूळ, आन आपुन कृष्णामाईला भरतो तशी हात जोडून समुद्राची ओटी भरली. सोडलं पान्यात. हिरवा खन तरंगत ग्येला.

सगळी होडी माज्याकडं बगाय लागली. सिद्धेश हसला नि म्हनला, "आजी, ह्यां काय केलास! दर्या बाप्यो आसा. त्याका नारळ देतत, ओटी नाय. चोळी कोन शिवतलो त्याची?"

पोटात दुखंस्तवर हसली मानसं. मी बी. आमाकडं पानी म्हंजी आईच, मला काय ठावं ह्यो गडी हाय म्हनून! शीतल हसली. बाळू न्हाई हसला. तोंड पुसत म्हनला, "आई, बस खाली."

धक्क्यावर उतरलो तर सुलभाबाई चा घ्या म्हनून वाटंत उभी. त्यांचं घर त्या जुन्या घराच्या मागंच हाय, कौलारू, अंगन सारवलेलं. बाळूला न्हाई जायाचं हुतं, पन आजून डोकं गरगरत हुतं, बसाय तर पायजेच. सिद्धेशचा बाप खुर्चीत, हात जोडून हसला. बाळूनं पन हात जोडलं. मानुसकी सोडत न्हाई माजा ल्योक.

होडीतली ओटीची गोष्ट आमच्या आधी घरी पोचली हुती. सुलभाबाई हसत बाहीर आली, हातात कुकवाचा करंडा. संक्रांतीचं हळदीकुकू चालूच हाय म्हना आजून. आदी माज्याम्होरं वाकली. म्या हात आडवा क्येला, म्हनलं, "बाई, मला न्हाई चालत. ह्यास्नी जाऊन..." ती म्हनली, "आजी, आमच्या दर्याक तुमचा कुकू चलला, तुमका आमचा चलाचा नाय?" आन लावलं.

ह्यांच्या मागं पयल्यांदा कुनी तरी. म्या पुसलं न्हाई.

मंग शीतलला लावलं. आन आतनं येक नारळ आनला, सालासकट, ढबू असा, त्याला असोला म्हनत्यात. त्यो, तांदूळ, सुपारी, साखरंची पुडी, सगळं शीतलच्या पदरात. पदर कुटला, ओढनीतच. "तुमी आमच्या दर्याची ओटी भरलास. मगे चेडवाक रिकामी कशी धाडू?" चेडू म्हंजी पोरगी.

तिला आमचा रिवाज म्हाईत हुता का न्हवता, द्येव जानं. पन आमाकडं लग्नाच्या पोराच्या आईनं पोरीला कुकू लावून नारळ-साखर दिली, बाप म्होरं बसलाय, म्हंजी सोयरीक झाली. आन शीतलनं पदर म्होरं क्येला की वो. वाकून पाया पडली.

बाळू उठला. चा तसाच.

गाडीनं घाट वलांडला. मंग म्हनला, "आई, तू मुद्दाम केलंस."

"न्हाई रं. देवाशप्पथ न्हाई. मला वाटलं ती बाई हाय."

"कोन बाई?"

"समुद्र."

२५ जानेवारी, रविवार. घरी

रथसप्तमी. दुधाला उतू आनलं.

सकाळी बाळूनं वाळव्याला फोन लावला. "आजचं ऱ्हाऊ द्या. पोरीला बरं न्हाई." जन्मात खोटं न बोलल्याला मानूस, फोन ठिवल्यावर भितीकडं बगत उभा ऱ्हायला. दुसऱ्यानं ओटी भरल्याली पोरगी तिसऱ्याम्होरं पाटावर बसवायची न्हाई, एवढं पाळतो त्यो. पन मानतो म्हनत बी न्हाई.

शीतल म्हनली, "बाबा, मला बोलायचंय." त्यो म्हनला, "मला न्हाई." पोरगी दु. च्या गाडीनं मिरजंला ग्येली.

नारळ देव्हाऱ्याखाली ठिवलाय. ओटीचा नारळ परत धाडत न्हाईत, कुनाला देत न्हाईत, टाकत न्हाईत. घरात फोडून गोड करून समद्यांनी खायाचा. खाल्ला की मानलं. म्हंजी बाळूनं फोडला तरच फुटायचा. सुमन त्येच्याकडं साप असल्यागत बगती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऊस ग्येला. बाळू काय त्याच्यावर बी खूश न्हाई. देव्हाऱ्याम्होरनं जाताना मान वळवून जातो.

आज जेवताना म्या इषय काढला. म्हनला, "आई, तिला पान्यात ढकलू व्हय?" मी म्हनलं, "मला कुटं ढकललं हुतं माज्या बापानं? बंदुकीच्या म्होरल्या मानसाला दिली." भाकरी तशीच टाकून उठला. लय बोलली का मी? सुमन म्हनली, "आवं आत्ती, घास तरी गिळू द्यायचा."

१९ मार्च, पाडवा

शीतल आली न्हाई. ड्यूटी हाय म्हनं. सनाला पयल्यांदा न्हाई आली. गुढीला साखरंची माळ बाळूनंच बांदली. बांदताना मला इचारलं, "त्या पोराच्या बापाची छाती खरंच बरी हाय का?" मी म्हनलं, "मला काय ठावं, तूच बगून आलास न्हवं." म्होरं बोलला न्हाई. मी बी न्हाई. ह्या टायमाला गप ऱ्हायली!

११ मे, सोमवार

नारळाला कोंब आलाय.

देव्हाऱ्याखाली झाडाय वाकली तर हिरवा-पांढरा, बोटाएवढा, वर बगतोय. म्या सुमनला हाक मारली, सुमननं बाळूला. बाळू उकिडवा बसला. शेतकरी मानूस, कोंब दिसला की त्येचा हात आपसूक म्होरं जातो. बोटानं माती पुसल्यागत पुसलं. मंग हात मागं घ्येतला.

"आता फोडता बी येत न्हाई," म्हनला.

मी म्हनलं, "न्हाईच येत. जित्ता हाय."

शीतलला फोन क्येला, सांगितलं. ती म्हनली, "बाबा काय म्हनलं?" मी म्हनलं, "आता फोडता येत न्हाई म्हनला."

१९ मे, मंगळवार

पावसाळ्यात होड्या बंद व्हत्यात. शीतल सांगत हुती, होडी वर वढली की सिद्धेश हितं येनार हाय, बाबांनी दारातनं हाकललं तरी येनार. कवा त्ये सांगत न्हाई. माजी झोप उडालीया.

आज सकाळधरनं बाळू दिसंना. हिरीकडं ग्येली तर बांधाला खड्डा काढलाय, कमरंएवढा. घामानं भिजलाय. मला बगून म्हनला, "मालवणला नारळाच्या खड्ड्यात मीठ घालत्यात म्हनं. किती घालायचं?"

"मला काय ठावं. ज्येला ठावं त्येला इचार."

त्यो तसाच खोरं धरून उभा ऱ्हायला. मी घरी आली.

सं. वळवाचं ढग आलं, इजा चमकाय लागल्या. बाळू घरात आला, हातपाय धुतलं, चा घ्येतला. येताना कानाला धरल्याला मोबाइल पालथा घालून ठिवला. नारळ आजून देव्हाऱ्याखालीच हाय, त्येच्याकडं बगत म्हनला, "दोन मुठी. वाळूसंगं."

"कुनी सांगितलं?"

बशीतला चा फुकून प्याला सगळा.

"मीठ काढून ठीव, आई. जाडं."