ओला रुमाल

अब्बा, यंदा मी वर्गातल्या पोरांचं एक नाटक बसवून राहिले. दुकानातल्या विक्रेत्यांचं. ज्याचा खप जास्त त्याला बढती, म्हणून सगळे गिऱ्हाइकाला हसत हसत फसवतात, आणि एकच जण खरं बोलून नोकरी घालवतो. पोरं म्हणतात, "मॅडम, हा येडाच हाय." मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते.

तुम्ही नांदेडच्या त्या कापड दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचात. खिशात कायम एक ओला पांढरा रुमाल. कुणी रंगाचं विचारलं की साडीचा कोपरा त्यात धरून चोळायचा, आणि रंग उतरला तर तसाच दाखवायचा. बाकीच्यांना दिवाळीला बक्षीस, तुम्हाला बोलणी. अम्मी कुरकुरायची. तुमचं एकच, "रंग जाता तो जाता बोलना, बेटा."

मग तो बस्ता. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न, कपडे घ्यायला नायगावहून सगळं घर आलेलं, मलाही ओढून नेलं, आणि नेमके तुमच्याच पुढ्यात बसलो. नवरीला लाल शालू लई आवडलाय. तिची आई विचारते, "रंग पक्का हाय ना, मामा?" तुम्ही रुमाल काढता. रुमाल लालभडक. शेठ सगळ्यांदेखत ओरडतात, "विकायला ठेवलंय तुला का बुडवायला?" मैत्रीण माझ्या कानाशी, "कोण गं हा? तुझ्याकडंच बघून राहिला." मी म्हणाले, "मला काय माहीत!"

तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही शालूची घडी घातली आणि माझ्यापुढं पाण्याचा ग्लास धरला. "घ्या, ताई." ताई! पोटच्या पोरीला! आणि मी मेली ते पाणी प्यालेसुद्धा. घरी आल्यावर रोजच्यासारखं विचारलंत, "खाना खाई क्या?" त्याच महिन्यात शेठनं तुम्हाला काढलं. पुढं उदगीरच्या बाजारात कापडाचं गठुडं घेऊन बसायचात, पण मरेपर्यंत तो विषय काढला नाहीत. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, अब्बा.

आज तालमीत त्या खरं बोलणाऱ्याचं काम करणारा पोरगा साडीचा रंग बघायचा रुमाल भलताच धरत होता. मी उठले, बोटाला गुंडाळून चोळून दाखवला, अगदी तुमच्यासारखा. पोरांनी विचारलं, "मॅडम, हे कुठं शिकलात?" किती सोपं होतं सांगणं. मी म्हणाले, "एका दुकानात बघितलं होतं."

शनिवारी प्रयोग आहे. त्याआधी पोरांना सांगीन म्हणते. पण तुम्ही शिकवलं तसं खरं बोलते अब्बा, मला माझा भरवसा न्हाई.