तळमजल्याखालचा मालक

१ जून २०२५, रविवार

आज दुपारी मुलाच्या घरी, अमिरातीतील रास अल खैमा येथे, सुखरूप पोहोचलो. विमानतळावर सुजीत, सूनबाई शुभ्रा आणि नात सृष्टी असे तिघेही आले होते. मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सृष्टीने इंग्रजीत दिले. पण दिले, हे महत्त्वाचे. घर तळमजल्यावर आहे. माझ्या गुडघ्यांचा विचार करूनच ते घेतल्याचे शुभ्राने सांगितले, तेव्हा मला भरून आले. खोलीच्या खिडकीतून कडुनिंबाचे झाड दिसते. त्याखाली चौकीदार मुश्ताक खुर्ची टाकून बसतो.

या गावी मी पूर्वी चार वर्षे होतो. सांगलीचा छापखाना बंद पडला, मुद्रितशोधकाची नोकरी गेली, आणि १९९३ साली मी येथील एका बांधकाम कंपनीच्या कामगार-कॅम्पात कारकून म्हणून आलो. तेव्हा समुद्रापर्यंत निव्वळ वाळू होती. सुजीतला त्या काळाविषयी ऐकावेसे वाटते. मला सांगावेसे वाटत नाही.

५ जून, गुरुवार

सुजीतला माझ्यासाठी न्हाणीघर नव्याने बांधावयाचे आहे. त्यासाठी माझ्या खोलीतील फरशी फोडून खालून नवा नळ न्यावा लागेल. इमारतीच्या मॅनेजरने हरकत घेतली: घर तुमचे असले तरी जमीन तुमची नाही, मूळ मालकाची लेखी संमती आणा. सुजीतने घर घेतले आहे ते नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने, हे मला आजच समजले. मालक कोण, असे विचारता तो हसला. म्हणाला, यल्ला, चला नाना, हे काम तुमचंच. कागद तुमच्याइतका बारीक कोण वाचतो?

करारनाम्याची एकेचाळीस पाने वाचली. टंकलेखनाच्या सात चुका सापडल्या. मालकाचे नाव सापडले नाही. सर्वत्र केवळ ‘जमीनमालक’ असा उल्लेख आहे. मुश्ताक येथे एकोणीस वर्षे आहे. त्याला विचारले, तर त्याने आकाशाकडे बोट केले: मालिक तो ऊपरवाला है, चाचा! अशा गंभीर विषयात विनोद मला रुचत नाही.

१५ जून, रविवार

आजपासून दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करण्यास कायद्याने बंदी. रस्त्यापलीकडचे कामगार कडुनिंबाखाली ओळीने निजले होते. शुभ्राने त्यांना ताक नेऊन दिले. आमच्या वेळी असा कायदा नव्हता. जेवणाच्या अर्ध्या तासात जो तो सावली शोधी. सर्वांत गार सावली पायाच्या खड्ड्यात असे.

हे वाक्य मी का लिहिले, कळत नाही.

दुपारी पलंगाजवळच्या फरशीवर ओलावा आढळला. दोनदा पुसला. तीन वाजता आपोआप वाळला. लांबी साधारण एका माणसाएवढी.

१८ जून, बुधवार

टायपिंग सेंटरमध्ये नौशीन नावाची हैदराबादची मुलगी अरबी अर्ज भरून देते. तिने जमिनीच्या नोंदीचा उतारा मागवला होता. आज तो आला. तिने आधी भूखंडाचा क्रमांक वाचला.

तो क्रमांक मला पाठ आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी मी स्वतः तो टंकलिखित केला होता.

मग तिने मालकाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि तिला नवल वाटले. म्हणाली, अंकल, यहाँ तो लोकल नाम होना चाहिए, ये तो आपके इंडिया का नाम है. बाबाजी सखाराम धुरी.

मी तिला पुन्हा वाचावयास लावले. तिने तेच वाचले. तरीही सुजीतसाठी तिने संमतिपत्राचा नमुना तयार करून दिला. सायंकाळी सुजीतने उताऱ्याचा फोटो कार्यालयातील एमान या स्थानिक बाईंना पाठवला. त्यांच्या मते मालकाचा रकाना रिकामा आहे.

१९ जून, गुरुवार

आजवर कोठेही न लिहिलेले लिहितो.

बाबाजी धुरी कुडाळकडचा. अक्षरशत्रू होता. त्याची पत्नी गिरिजा हिला दरमहा जाणारे पत्र मीच लिहीत असे. तो मालवणीत सांगे, मी त्याचे शुद्ध मराठी करीत असे, आणि तो खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवी. माझे अक्षर त्या घरी सर्वांना परिचित होते.

जुलै १९९६. भर दुपारी तो पायाच्या खड्ड्यात, सावलीला निजला. वाळूची कड ढासळली. काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि उन्हाने माल आळत होता. साहेब म्हणाले, उपसायला दोन दिवस लागतील, माणूस तर गेलाच आहे. आम्ही तिघे तेथे होतो. गाड्या त्याच खड्ड्यात रिकाम्या झाल्या.

त्याच सायंकाळी मी अहवाल टंकलिखित केला: सदर कामगार अमुक भूखंडावरून फरार. आणि गिरिजेला पत्र लिहिले, बाबाजीच्या नावाने: मी येथे खुशाल आहे, मी दुसरा संसार मांडला आहे, माझा शोध घेऊ नये. खाली अंगठा माझा.

ते पत्र मी तीन वेळा वाचले. कशासाठी? शुद्धलेखनाची चूक राहू नये म्हणून.

२००४ साली त्यांच्या गावी गेलो होतो. कुंपणापासूनच परतलो. ती अंगणात कोकमे वाळवीत होती. गळ्यात मंगळसूत्र होते.

२२ जून, रविवार

सुजीतला सांगितले, मालकाचा पत्ता लागत नाही, न्हाणीघराचा विचार सोडा. तो हिरमुसला. ज्या मुलाने माझ्या गुडघ्यांसाठी घर निवडले, त्याने तीच फरशी फोडली तर त्याला काय दिसेल, आणि मग तो मला नाना म्हणेल काय, एवढाच विचार माझ्या मनात होता. गिरिजेचा नव्हता. हे लिहिताना लाज वाटते.

सृष्टी दुपारी दारात येऊन थबकली. विचारू लागली, आजोबा, हू इज दॅट अंकल स्लीपिंग ऑन युअर फ्लोअर?

२५ जून, बुधवार

साडेबारा ते तीन. त्याबाहेर कधीच नाही. आधी ओलावा, मग वाळू, मग श्वास — दमलेल्या माणसाचा, संथ. तीनला थांबतो. आता त्यालाही विश्रांतीचा कायदा लागू आहे.

मी पलंगावरून पाय खाली सोडत नाही.

२८ जून, शनिवार

संमतिपत्राचा नमुना टेबलावर होता. कोरा. मी स्वतः पाहिला होता. दुपारनंतर त्यावर मालकाच्या सहीच्या जागी अंगठा उमटला आहे. करड्या रंगाचा. बोट लावले तर सिमेंट —

फाडून टाकावयास हवा होता. हात धजला नाही. तेवढ्यात सुजीत आला, कागद उचलला, मला मिठीच मारली. म्हणाला, नाना, अखेर शोधलात मालकाला! मी त्याला तसे मानू दिले. पुन्हा एकदा खरे ते दडवले.

सोमवारी तीन वाजता माणसे येणार. फरशी फोडणार.

मालकाने संमती दिली आहे. त्याला वर यावयाचे आहे.

३० जून, सोमवार

१२.४०. घरी कोणी नाही. सुजीत माणसांना घेऊन तीनला येईल. त्यांच्या हाती कुदळ लागण्यापूर्वी गिरिजेला पत्र लिहून झाले पाहिजे. हे एकच.

१.१५. मी मायना लिहिला. शुद्ध, रीतीप्रमाणे. खालून — नको म्हणाला. खोडला. आज तो सांगेल तसेच लिहावयाचे आहे, एकही शब्द न सुधारता —

‘गिरिजा, मी खंयच जावक नाय. मी हयसरच आसंय. ता पत्र माझा न्हय.’

१.५०. वाळू पलंगाच्या पायांपर्यंत. पाय खाली सोडले आहेत. गार आहे. खरोखरच फार गार सावली —

२.२०. त्याने अंगठा उमटवला. माझ्यासमोर. माझा हात धरून ठेवला आहे, सोडत नाही. रागावलेला नाही. तेच सोसवत नाही. एवढेच विचारतो, मग त्या पत्राखाली अंगठा कोणाचा होता, ता नाव लिव. तिका नाव होया —

लिहितो. सुजीतही वाचील. वाचू दे —

कमरेपर्यंत — लेखणी वर धरली आहे —

गिरिजाबाई, ते खोटे पत्र लिहिणाराचे नाव