उजवीकडची दाढ

५ ऑगस्ट २००६, शनिवार

यशूला घेऊन डॉ. सय्यदांच्या दवाखान्यात. लेकीला सहा पूर्ण झाली, म्हटलं एकदा दात दाखवून घ्यावेत. बाहेर पाटी : ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील, असे मुलांना सांगू नये. द्यायचे असेल तर आम्हीच सांगू.’ मिलिंदला आवडली असती. पण तो वाघोलीला, कॉलेजात परीक्षेची ड्युटी. (यापुढे मि. लिहीन. नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायला बसमध्ये हात स्थिर राहत नाही.)

डॉक्टरबाईंनी यशूच्या तोंडात आरसा धरून मला दाखवलं. मागे चार नव्या दाढा! कधी आल्या कळलंच नाही. काही पडलं नाही, त्यामुळे कुणाचं लक्ष नाही. “सगळ्यांना ह्या दुधाच्या वाटतात. ह्या जन्मभराच्या आहेत,” बाई म्हणाल्या. खाचा खोल आहेत, ब्रश आत पोचत नाही. म्हणून खाचांवर पातळ लेप, सीलंट. टोचणं नाही, कोरणं नाही. फक्त दाढ कोरडी ठणठणीत हवी आणि यशूने तोंड उघडं ठेवून बसायला हवं. लाळ लागली की सगळं पहिल्यापासून.

माझी खालची उजवी दाढ म्हणजे हीच. चौदाव्या वर्षी काढून टाकली, तेव्हा दुसरं काही करता येतं हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. तेव्हापासून डावीकडूनच चावते. भाकरी, शेंगदाणे, सगळं डावीकडून. यशूच्या चारही राहिल्या पाहिजेत. बास.

पुढच्या शनिवारची वेळ घेतली.

१२ ऑगस्ट, शनिवार

शनिवारीही हिंजवडी. सोमवारी रिलीज, टेस्टिंगवाल्यांना सुट्टी नाही. म्हणून यशूला मि. नेणार. सकाळी स्वारगेटला बसची वाट बघताना पुन्हा फोन करून सांगितलं, तिला आधी नीट समजाव, घाई करू नको. “हो गं बाई.”

सासूबाईंचं कालपासून चालू आहे, दुधाच्या दातांना कसले लेप लावता, पडणारच ते. दोनदा समजावलं. मान डोलावली, म्हणजे पटलेलं नाही.

दुपारी फोन केला. मि. म्हणाला, झालं. रडली का विचारलं तर म्हणाला, थोडीशी.

संध्याकाळी घरी आले तर यशू बॅटरी घेऊन दारातच. तोंड उघडून उभी. “बघ, चकचकीत दिसतंय ना?” दिसलं. खरंच चकचकीत दिसलं मला. पोरीचा मुका घेतला. मि.ला म्हटलं, थँक्यू, माझ्या डोक्यावरचं एक ओझं गेलं. तो पेपर वाचत होता.

१० फेब्रुवारी २००७, शनिवार

सहा महिने झाले. लेप टिकलाय का ते दाखवायचं होतं. मी पुन्हा ऑफिसात (अर्थात). मि. दाखवून आला. ठीक आहे म्हणाल्या म्हणे.

नवरा असावा तर असा, असं प्रीतीला लंचमध्ये सांगितलं. तिचा नवरा मुलांची इयत्तासुद्धा विचारून घेतो.

२६ ऑगस्ट, रविवार

सासूबाईंच्या हातचं मटण. जेवताना मि.च्या लक्षात आलं, यशू पण डावीकडूनच चावते. सगळे हसले. सा.बाई म्हणाल्या, अगदी आईवर गेलीय. मीही हसले. मनातून आवडलंच मला, खोटं कशाला लिहू. नाकडोळे सगळे त्यांच्याकडचे, निदान चावणं तरी माझं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

बसमध्ये. आयटी पार्कच्या चौकात नेहमीप्रमाणे ठप्प.

काल यशूने चिक्की नको म्हटलं. चिक्की! जबरदस्तीने बॅटरी घेऊन बघितलं. उजवीकडची खालची दाढ, मध्ये काळा खड्डा. बोट लावलं तर किंचाळली. म्हणजे ती डावीकडून चावत होती ते…

डॉ. सय्यदांनी लेप लावला होता ना? वर्षात निघाला? सहा महिन्यांनी बघून ठीक आहे म्हणाल्या, ते काय डोळे मिटून? उद्या जाऊन चांगली धारेवर धरणार आहे बाईंना. मि. म्हणाला, जाऊ दे ना, कशाला भांडतेस, दुसरा डॉक्टर बघू. मी म्हटलं, तू फार भिडस्त आहेस.

६ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला बसलेय पण सुचत नाही कुठून.

गेले. यशूला बाहेर बसवलं आणि आत जाऊन बोलले. बोलले म्हणजे काय, सुनावलं. कामाची काही जबाबदारी असते की नाही, आमच्याकडे असा बग निघाला असता तर नोकरी गेली असती, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या मुलीला आम्ही लेप लावलेलाच नाही.”

मी म्हटलं, गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये. त्यांना आठवत होतं. यशू खुर्चीत बसली, दाढेवर निळं औषध लावलं तशी आंबट लागून रडायला लागली, तोंड मिटलं. बाई म्हणाल्या, थोडं थांबू, पुन्हा करू. मि.ने तिला उचलून घेतलं. पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला. आला नाही. फेब्रुवारीतही आला नाही. “मला वाटलं तुम्ही दुसरीकडे गेलात,” बाई म्हणाल्या.

माफी मागितली. काय शब्द वापरले आठवत नाही. मदतनीस मुलगी तिथेच उभी होती, तिने नजर दुसरीकडे वळवली. तेवढं आठवतं.

नंतर बाईंनी यशूला तपासलं. त्या दाढेची कीड खोल आहे. पुढच्या शनिवारी साफ करून आत औषध भरून ठेवणार, नस जगते का बघणार. वरच्या एका दाढेत बारीक भरणं. बाकी दोन अजून चांगल्या आहेत, त्यांना लेप लागेल.

रिक्षात यशूला विचारलं, सीलंट लावलं नव्हतं ना? ती रिक्षाबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “पप्पाने सांगितलं होतं, आईला कळलं तर ती रडेल.”

मी रडले नाही. रिक्षावाला होता.

७ ऑक्टोबर, रविवार

मि. म्हणतो, ती इतकी रडत होती, मला बघवेना. मला वाटलं पुढच्या शनिवारी नेऊ, तोवर तुझा फोन आला, तोंडातून ‘झालं’ निघून गेलं. मग रोज एक दिवस जास्त झाला आणि सांगणं अवघड झालं. शिवाय आई म्हणत होती दुधाचेच दात आहेत.

सा.बाईंना माहीत होतं! विचारलं तेव्हा पदराशी चाळा करत म्हणाल्या, मला वाटलं पडतील आणि नवे येतील, कशाला घरात वाद. म्हणजे घरात चार माणसं आणि माहीत नसलेली एक. तीही कोण, तर टेस्टर! ऑफिसात पोरं ‘झालं’ म्हणाली की मी म्हणते, झालं म्हणजे काय झालं, चालवून दाखव. आणि घरी बॅटरी धरून मला दिसलं सुद्धा, नसलेलं. चकचकीत!

फेब्रुवारीत कुठे नेलंस मग, विचारलं. सारसबागेत. भेळ खाल्ली.

मी बोलत होते तेव्हा तो एकदाच चिडला. “तुला काही सांगायचं म्हणजे बग रिपोर्ट द्यायचा. तू लगेच ठरवतेस, किती गंभीर, कुणाची चूक.” ह्यात खरं किती आहे ते मी बघीन माझं. पण त्याने दाढेची कीड थांबत नाही ना.

९ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रपाळीसारखे डोळे झालेत. काम धड होत नाही. प्रीतीने विचारलं. दात दुखतोय म्हटलं.

यशूला आज जवळ घेऊन विचारलं, कधीपासून दुखत होतं? “उन्हाळ्याच्या सुट्टीपासून थोडं. शाळा सुरू झाल्यावर जास्त.” मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, दुखतं म्हटलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस, मग पप्पाचं कळलं असतं.

हे मला सहन होत नाहीये. खोटं बोलला ते एक वेळ… पण सात वर्षांची पोर दाढ दुखत असताना तोंड मिटून बसली, बापाचं नाव खराब होऊ नये म्हणून. आणि आम्ही ताटावर बसून हसलो, आईवर गेली म्हणून. मि. हसला होता. त्याच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. माझ्या कसं येणार? माझ्या लेखी तर लेप लावलेला होता.

मि.ला हे सांगितलं. तो खाली बसला. बाल्कनीत जाऊन रडला असावा. मी गेले नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार

मी नेलं. मि. म्हणाला मीही येतो, नको म्हटलं. बाईंनी दाढ साफ केली. नस अजून उघडी पडलेली नाही, औषध घालून वरून तात्पुरतं भरलंय. काही आठवडे थांबायचं. दुखलं, सूज आली, तर नस काढावी लागेल. नाही दुखलं तर वाचली. “आत्ता काही सांगता येत नाही,” म्हणाल्या. मला हे वाक्य फार बरं वाटलं. माहीत नाही तर माहीत नाही म्हणणारं कुणीतरी.

यशू माझा हात धरून बसली होती. शेवटी विचारलं, पप्पा का नाही आला?

१४ ऑक्टोबर, रविवार

चौदा ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून संध्याकाळी सगळी विहारात. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, लांबून बघणाऱ्याला वाटावं काय सुखी कुटुंब आहे. पंचशील घेताना यशू मधे, मी एका बाजूला, मि. दुसऱ्या बाजूला. तिला पाचही शीलं पाठ आहेत, सा.बाईंनी शिकवली आहेत. मोठ्याने म्हणते. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं आणि मि.चा आवाज थांबला. माझाच कान तिकडे होता म्हणून कळलं. यशूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि तीही थांबली. मी एकटीच म्हणत राहिले.

बाहेर आल्यावर सा.बाई म्हणाल्या, झालं गेलं सोड आता, पोरीसाठी. मी म्हटलं, आई, पोरीसाठीच सोडवत नाही. पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. त्यांनी माझा हात सोडला नाही, तेही खरं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

उरलेल्या दोन दाढांना लेप. यशू म्हणाली, पप्पा पाहिजे. आणला. बाई म्हणाल्या, एकानेच आत थांबा, मी म्हटलं तू थांब.

काचेतून दिसत होतं. कापसाच्या गुंडाळ्या, निळं औषध, यशूचे पाय ताठ. तिने तोंड मिटलं नाही. मि. तिचा पाय धरून उभा होता, डोळे मिटून. तो मिटलेल्या डोळ्यांनी उभा होता आणि ती उघड्या तोंडाने. औषध धुऊन बाईंनी मला आत बोलावलं, खडूसारखी पांढरी झालेली दाढ दाखवली. मग लेप, मग निळा दिवा. झालं, म्हणाल्या.

घरी येताना मि. म्हणाला, “तू म्हणशील ते करीन. काय करू ते सांग.” मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

३० ऑक्टोबर, मंगळवार

बसमध्ये, परतीच्या. चौकात अडकलोय.

आजपासून यशूला उजवीकडून मऊ खायला सांगितलंय बाईंनी, हळूहळू. मि. लवकर घरी आला होता. फोन केला. जेवली का? हो, वरणपोळी. दुखलं का? नाही म्हणते. उजवीकडून चावलं?

“हो,” म्हणाला. लगेच. गेल्या वर्षी ‘झालं’ म्हणाला होता त्याच आवाजात. किंवा तो आवाज त्याचा नेहमीचाच असेल, आणि मीच आता…

म्हटलं, यशूला दे. तिनेही हो म्हटलं. आई, मी नीट चावलं, अजिबात दुखलं नाही. किती गोड आवाज. बॅटरी घेऊन दारात उभी होती त्या दिवशीसारखा.

दाढ बरी असेल. दोघंही खरं बोलत असतील. आज घरी जाऊन तिच्यासमोर ताट घेऊन बसणार आहे. तिने पुन्हा एक घास खावा, माझ्यासमोर, उजवीकडून.